टर्फ, गवत आणि शाहू स्टेडियम : ‘पेठेतला एक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचं नूतनीकरण जरूर करा, पण मधलं गवत उपटून तिथं कृत्रिम टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, अंथरू नका. त्यावर ‘पेठेतला एक’ या नावानं सणसणीत प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा : “काका, तुम्ही पुण्यात बसून आम्हाला मातीत लोळायला सांगताय. टर्फ नव्हतं म्हणून हॉकीत आपण मागं पडलो, आता फुटबॉलचंही तेच करायचं का? टर्फला ना पाणी, ना माळी, ना खर्च. आणि तुम्ही स्वतः कधी टर्फवर खेळलाय का?”

काका म्हणालास, तेव्हा मीही अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘फिफाला टर्फ चालत नाही’ असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकीचं आहे. २०१५चा महिलांचा विश्वचषक कॅनडात झाला आणि त्यातला प्रत्येक सामना टर्फवर झाला. लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय. फक्त एवढं जोडतो की त्या स्पर्धेआधी नामवंत खेळाडू याच टर्फविरुद्ध कॅनडात दाद मागायला गेल्या होत्या. पुरुषांचा विश्वचषक गवतावर आणि आमचा प्लास्टिकवर का, हा त्यांचा सवाल होता. पुढं त्यांनी तक्रार मागं घेतली आणि त्याच मैदानांवर खेळल्या.

आता हॉकी. हा मुद्दा निघाला की आपल्याकडे सगळे माना डोलावतात. १९७५ला क्वालालंपूरच्या गवतावर आपण विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या टर्फवर थेट सातवे आलो. हे खरंच आहे. टर्फ महाग, आपल्याकडे ती नव्हती, पोरं गवतावर शिकायची आणि परदेशात जाऊन घसरायची. पण हॉकीत वरच्या पातळीवर पर्यायच उरला नाही, सगळं टर्फवर गेलं. तिथं टर्फ न घालणं म्हणजे पोराला पोहायला शिकवायचं आणि तलाव बांधायचा नाही. फुटबॉलचं तसं नाही. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तो दिल्लीत, गवतावर. मोठं फुटबॉल आजही मुख्यतः गवतावरच चालतं. मग आपल्या पोरांना नेमकी कशाची सवय लावायची?

खर्चाबद्दलचं तुझं वाक्य वाचून मात्र मी थांबलो, कारण बहुतेक नगरसेवकांचाही हाच समज असतो. टर्फ म्हणजे गालिचा, एकदा अंथरला की झालं. प्रत्यक्षात वर दिसतं ते सगळ्यात सोपं काम. खालची माती काढायची, खडीचे थर दाबून बसवायचे, छिद्रांचे पाइप टाकायचे, पाणी कडेला जाईल असा उतार धरायचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पाया कच्चा राहिला तर दोन पावसाळ्यांत वरचा गालिचा लाटांसारखा वर-खाली होतो. मग त्याची पाती कितीही हिरवी असोत, पोराचा घोटा मुरगळायचा तो मुरगळणारच.

त्यावर चार ते सहा सेंटिमीटरची प्लास्टिकची पाती, पात्यांत वजनासाठी वाळू आणि वाळूवर रबराचे काळे दाणे, बहुतेक वेळा जुन्या टायरांचा चुरा. चौरस मीटरला दहा-पंधरा किलो धरले तरी १०५ बाय ६८च्या मैदानावर सत्तर ते शंभर टन चुरा होतो. तो जागच्या जागी बसत नाही. पेनल्टीच्या ठिपक्यापाशी, कॉर्नरला, गोलच्या तोंडाशी तो उडून कमी होतो आणि तो पुन्हा भरावा लागतो. ब्रश फिरवावा लागतो, दबलेलं मोकळं करावं लागतं, पावसाळ्यात शेवाळ काढावं लागतं. म्हणजे माळी गेला तरी मशीनवाला आला. एवढं करून आठ-दहा वर्षांत पाती झिजतात आणि सगळं गुंडाळून नवं टाकावं लागतं. निघालेला ढीग कुठं टाकायचा? युरोपियन युनियननं २०२३ साली नियम केला की असे दाणे २०३१च्या ऑक्टोबरपासून विकता येणार नाहीत, कारण हा चुरा गटारातून नद्यांत जातो. आपली पंचगंगा आधीच काय कमी सोसते?

आणि ऊन. आपल्याकडे दुपारची मॅच असते आणि हंगाम मेपर्यंत रेंगाळतो. उन्हात गवत स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिक तापतं. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढं जातो. पाणी मारलं तर थोडा वेळ उतरतो. पण तूच म्हणालास ना, टर्फला पाणी लागत नाही?

मागच्या लेखात मी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमचं उदाहरण दिलं होतं, ते गैरलागू आहे, असंही तू लिहिलंस. मला तर ते अगदी नेमकं वाटतं. ते स्टेडियम १९८४ सालचं, म्हणजे जुनंच. २०११मध्ये तिथं टर्फ आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिच्यावर मेस्सीचा अर्जेंटिना व्हेनेझुएलाशी खेळून गेला. आपण सगळ्यांनी तो सामना पाहिला होता. पण २०१७चा सतरा वर्षांखालील विश्वचषक यायचा ठरला आणि २०१५ साली ती टर्फ काढून पुन्हा गवत लावलं गेलं. इंग्लंडनं स्पेनला ५-२ हरवलं तो अंतिम सामना त्या गवतावर झाला. चार वर्षांत टर्फ आत, टर्फ बाहेर. कोलकात्याला ते परवडलं असेल.

मला वाटतं, आपल्या दोघांच्या मनात ‘टर्फ’ या शब्दाची चित्रंच वेगळी आहेत. गल्लोगल्ली तासाच्या भाड्यानं मिळतं ते जाळीतलं मैदान, रात्री दिवे, पाच-पाच पोरं आणि बाहेर बुलेटी. ती मजा मलाही कळते. पण पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा आपल्या तालमींच्या संघांचा सामना तशा मैदानावर पाहायची कल्पना करून बघ. पायऱ्यांवर पेठच्या पेठ लोटलीय आणि चेंडू प्लास्टिकवर टणाटण उडतोय!

टर्फला माझा सरसकट विरोध नाही, हे मागच्या लेखात नीट लिहायला हवं होतं. गवताला विश्रांती लागते. त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ रोज सराव घेतला की गोलसमोर टक्कल पडतं. चांगली टर्फ आठवड्याला चाळीस तास सहज झेलते, आणि जूनपासून पुढं मैदानं बंद असतात तेव्हा तिचा खरा उपयोग. म्हणून माझं म्हणणं असं की टर्फ घालायचीच तर शहरात सरावासाठी वेगळी जागा धरून घाला. तालमींची लहान पोरं, मुलींचे संघ, शाळा, सगळ्यांनी ती वर्षभर तुडवू दे. आणि दहा वर्षांनी ती बदलायचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळे काढून ठेवा. मुख्य स्टेडियमवर खर्च करायचाच तर गवताखालचा निचरा, पायऱ्या, प्रकाशझोत आणि बायकांना बिनघोर बसता येईल अशी जागा व स्वच्छतागृह यांवर करा. या कामांचे फोटो चांगले येत नाहीत. फीत कापायला हिरवा गालिचा बरा, हे मलाही समजतं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. होय, खेळलोय. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या टोळक्यात एक गडी कमी पडला म्हणून मला ओढून नेलं होतं. पहिल्या दहा मिनिटांतच जुन्या सवयीनं घसरत टॅकल मारायला गेलो आणि गुडघ्याचं साल भाजल्यासारखं सोलून निघालं. पंधरा दिवस वहिनी हळद लावायला सांगत होती आणि भाचा हसत होता. तेव्हा माझं मत त्या गुडघ्यामुळं थोडं कलुषित झालंय असं तुला वाटलं, तर तेवढं मान्य.