गोळी परस्पर बंद करण्याविषयी: डिचोलीच्या एका वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मी आभारी आहे. इतर वाचकांसाठी आपला आक्षेप थोडक्यात सांगतो. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका' असे लिहून मी लोकांना भीती घातली, असे आपले म्हणणे आहे. आपल्या थोरल्या बंधूंची अँजिओप्लास्टी झाली, नंतर त्यांना ॲटोरव्हास्टॅटिन सुरू झाले, पुढे मांड्या आणि पोटऱ्या दुखू लागल्या. त्यांनी पावसाळ्यात गोळी सोडली आणि आठवडाभरात दुखणे थांबले. रिपोर्ट तर त्याआधीच नॉर्मल आला होता. मग हे विष का घ्यावे, नारळ खाऊन आपले पूर्वज जगले नाहीत का आणि औषध कंपन्यांची तळी मी का उचलतो, असे आपण विचारता.

सर्वांत आधी एक विनंती, कारण ती थांबण्यासारखी नाही. बंधूंनी सोडलेल्या गोळीच्या पाकिटावर नेमके काय लिहिले आहे, ते कृपया वाचून पाहा. अँजिओप्लास्टी झालेल्या अनेक रुग्णांना कोलेस्टेरॉलचे औषध वेगळे दिले जात नाही. ॲस्पिरिन आणि कधी कधी क्लोपिडोग्रेलही त्याच कॅप्सूलमध्ये असते. इकोस्प्रिन एव्ही या नावाखाली ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन अशी दोन औषधे एकत्र मिळतात, हे घरातील कितीतरी माणसांना ठाऊक नसते. 'कोलेस्टेरॉलची गोळी' समजून अशी कॅप्सूल सोडली, तर स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत धमनीत बसवलेल्या जाळीत, रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषधही त्याच दिवशी सुटते आणि स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर ते जिवावर बेतू शकते. पाकिटावर तसे काही आढळले, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा.

आता दुखण्याविषयी. बंधूंचे पाय दुखत होते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ॲटोरव्हास्टॅटिन ज्या गटात मोडते त्या स्टॅटिन गटातील औषधांनी स्नायूंना त्रास होऊ शकतो, हे कोणीही जाणकार नाकारणार नाही. याच गटातील सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले, कारण त्यामुळे स्नायू वितळून मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार घडले आणि माणसे दगावली. जेमफायब्रोझिल हे दुसरे औषध सोबत घेणाऱ्यांमध्ये हा धोका विशेष होता. रॅब्डोमायोलिसिस नावाचा हा आजार आजच्या स्टॅटिनांनी क्वचितच होतो, पण होतो. म्हणून स्नायू असह्य दुखू लागले, हातपाय गळून गेले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊ लागली, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. त्या प्रसंगी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नसते आणि माझ्या लेखातील सूचना त्या प्रसंगासाठी नव्हती.

बंधूंचे दुखणे मात्र, आपल्याच वर्णनानुसार, रेंगाळणारे आणि सोसवणारे होते. अशा दुखण्याबाबत मोठ्या चाचण्यांतून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये १९ चाचण्यांची एकत्रित तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ १,२४,००० माणसे होती. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली आणि औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. म्हणजे औषधामुळे होणारा त्रास खराच आहे, पण पाय दुखणाऱ्या बहुतेकांचे दुखणे गोळीअभावीही झाले असते.

आपण म्हणाल, 'पण गोळी सोडताच दुखणे थांबले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.' नेमका हाच प्रश्न घेऊन लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील डॉक्टरांनी सॅमसन नावाची चाचणी केली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना त्यांनी वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत ॲटोरव्हास्टॅटिन होते, चारांत नकली गोळ्या आणि चार रिकाम्या. गोळ्या असलेल्या महिन्यांत त्या खऱ्या की नकली हे कोणालाच ठाऊक नव्हते. रिकाम्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण ८ होते, नकली गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातून 'दुखणे मनाचे आहे' असा अर्थ कृपा करून काढू नका. त्या माणसांना वेदना खरोखर झाल्या होत्या आणि गोळी सोडल्यावर त्या खरोखर कमीही झाल्या होत्या. फक्त त्यांतील बराच भाग औषधातील द्रव्याचा नव्हता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केले, याचे मला फार मोल वाटते.

मग बंधूंचे दुखणे कोणत्या प्रकारचे होते? ते मला सांगता येणार नाही आणि आपल्यालाही नाही, कारण ते तपासलेच गेले नाही. परस्पर गोळी सोडण्यावर माझा आक्षेप आहे तो यासाठी. दुखत असतानाच डॉक्टरांकडे गेले असते, तर सीपीकेची रक्ततपासणी करून स्नायूंना इजा होत होती की नाही हे कळले असते. टीएसएच पाहून थायरॉईडची खात्री झाली असती, कारण मंदावलेला थायरॉईड स्वतःच स्नायू दुखवतो, कोलेस्टेरॉलही वाढवतो आणि स्टॅटिनचा त्रास होण्याची शक्यताही वाढवतो. शिवाय आपण ऋतू सांगितला आहे पावसाळ्याचा. आपल्याकडे त्याच दिवसांत डेंग्यू आणि चिकनगुन्या पसरतात आणि शेतात, चिखलात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस गाठतो. लेप्टोमध्ये पोटऱ्या विलक्षण दुखतात, ताप येतो, डोळे लाल होतात, कावीळ होऊन लघवीही गडद होते. त्या वेळी सारा दोष हृदयाच्या गोळीवर टाकून घरी बसणे किती महागात पडू शकते, हे डिचोली आणि सत्तरीच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. डेंग्यूची शंका असेल, तर ॲस्पिरिन असलेल्या कॅप्सूलविषयी डॉक्टरांना लगेच विचारावे लागते, हेही इथे नोंदवतो.

फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर अशी तक्रार कानावर आली की मी पहिला प्रश्न विचारतो तो सोबतच्या औषधांचा. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा इट्राकोनाझोल ही बुरशीवरील गोळी सोबत सुरू झाली, तर ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते. पावसाळ्यात गजकर्णासाठी इट्राकोनाझोल किती सहज दिले जाते, हे आपण जाणताच, आणि त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळीची माहिती द्यायचे रुग्णाच्या मनातही येत नाही. पुष्कळदा एकच औषध दोन नावांनी घरात आलेले असते. एक डॉक्टर ॲटोरव्हास्टॅटिन वेगळे लिहितात, दुसरे कॅप्सूलमधून देतात आणि रुग्ण दोन्ही निष्ठेने घेतो. फळांपैकी ग्रेपफ्रूट या औषधांचे शोषण वाढवते आणि चतुर्थीला माटोळीत बांधले जाणारे पपनस त्याच्याच जवळचे आहे. प्रसादाच्या दोन फोडींनी काही बिघडणार नाही, पण रोज पेलाभर रस घेऊ नये. याच गटातील रोसुव्हास्टॅटिनला हे बंधन नाही. त्याचा नियम वेगळा आहे: आम्लपित्तावरचे पातळ औषध घ्यायचे असेल, तर ते रोसुव्हास्टॅटिननंतर दोन तासांनी घ्यावे.

तपासणीनंतरही दोष औषधाचाच निघाला, तरी मार्ग संपत नाहीत, आणि आपल्या प्रतिक्रियेत याचाच मला सर्वांत जास्त अभाव जाणवला. डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून, दुखणे गेल्यावर कमी मात्रेत पुन्हा देऊन पाहतात, किंवा याच गटातील दुसरे औषध निवडतात. मात्रा निम्मी केली म्हणून परिणाम निम्मा होत नाही, कारण मात्रा दुप्पट केल्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ६ टक्केच अधिक उतरते. म्हणून कमी मात्रेसोबत एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलवरचे वेगळ्या गटातील औषध जोडून बरेच काही साधता येते. रोसुव्हास्टॅटिन तर भारतीय वंशाच्या माणसांच्या रक्तात गोऱ्या माणसांच्या मानाने सुमारे दुप्पट आढळते, म्हणून आपल्यासारख्यांना ते ५ मिलिग्रॅमपासून सुरू करण्याची शिफारस आहे. 'मोठी गोळी सोसत नाही' ही तक्रार डॉक्टरांना ऐकू आली, तरच ते यांपैकी काही करू शकतात.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावर गोळी कशाला, हा आपला प्रश्न अनेकांचा आहे. तो रिपोर्ट गोळी चालू असतानाचा होता. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) हे औषध अडवते आणि औषध थांबले की यकृताचे काम काही आठवड्यांत पूर्ववत होते. शिवाय एकदा हृदयविकार जडलेल्या माणसासाठी 'नॉर्मल'ची रेषा निरोगी माणसापेक्षा बरीच खाली असते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील सिम्व्हास्टॅटिनच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा सुमारे साडेपाच वर्षांत नकली गोळीच्या गटात २५६ आणि औषधाच्या गटात १८२ मृत्यू झाले होते. दोन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येचे होते. आपले बंधू ज्या प्रकारचे रुग्ण आहेत, त्याच प्रकारच्या माणसांचे हे आकडे आहेत, म्हणून मला ते दूरचे वाटत नाहीत. ज्यांना हृदयविकार नाही आणि धोकाही अल्प आहे, त्यांच्याबाबत गोळीची गरज वादाची असू शकते आणि तिथे आपल्याशी मी बऱ्याच अंशी सहमत होईन.

औषधाचे इतर दोषही लपवण्याचे कारण नाही. चार वर्षे स्टॅटिन घेणाऱ्या सुमारे २५५ जणांमागे एकाला जादा मधुमेह होतो आणि तो प्रामुख्याने ज्यांची साखर आधीच सीमेवर आहे त्यांना होतो. आपल्या समाजात तशी माणसे पुष्कळ आहेत, म्हणून साखर तपासत राहावी. सुरुवातीला यकृताची एसजीपीटी तपासणी करावी. काविळीची लक्षणे दिसली, तर ती पुन्हा करावी. उर्राक, फेणी किंवा इतर मद्य किती होते, हे डॉक्टरांना खरे सांगावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण बहुतेकींना त्या काळात हे औषध थांबवायला सांगतात.

नारळाचा राग मला नाही. हुमण आणि सोलकढी माझ्याही ताटात असते. परंतु खोबरेल तेलात संतृप्त मेद फार असतो आणि २०२० मध्ये एकत्रित तपासलेल्या १६ चाचण्यांत इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅम वाढवलेले आढळले. पूर्वज ते तेल पचवत होते, तेव्हा ते दिवसभर कुळागरात आणि शेतात राबतही होते. कंपन्यांविषयी एवढेच सांगतो की ॲटोरव्हास्टॅटिनचे मूळ पेटंट केव्हाच संपले आहे आणि जनऔषधी केंद्रात ते अगदी स्वस्त मिळते.

बंधूंना डॉक्टरांकडे नेताना सध्या चालू असलेली आणि सोडलेली अशी सर्व पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णे आणि ऑनलाइन मागवलेल्या 'नैसर्गिक' गोळ्यांसह, एका पिशवीत घालून न्या. लाल यीस्ट तांदळाच्या गोळीत लोव्हास्टॅटिनच असते, म्हणून तीही दाखवा. दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या भागात होते, गोळी कोणत्या तारखेला सोडली आणि त्या सुमारास ताप किंवा दुसरे औषध होते का, हे एका कागदावर लिहा. गोळी पुन्हा सुरू करायची की नाही आणि कोणत्या मात्रेत, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सुरू झाल्यावर एखादी रात्र चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. दरम्यान छातीत दाब जाणवला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली किंवा दरदरून घाम फुटला, तर कोणालाही विचारत न बसता १०८ ला फोन करा.