पायातली वहाण

भाच्याला शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळा व्हायचंय. हौस मामाची, म्हणून चिलखत मामानं केलं. ५ मिलिमीटरच्या ईव्हीए फोमचं. हीटगनची धग दिली की फोमची छिद्रं मिटतात, आणि गरम असतानाच गुडघ्यावर दाबून धरला की छातीचा बाक येतो. (सोलापुरात मे महिन्यात हीटगनची गरजच पडली नसती, पण महाराज १९ फेब्रुवारीला जन्मले.) सोल्यूशन दोन्ही कडांना लावून दहाएक मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. वाकडं बसलं तर बसलं. त्या दहा मिनिटांत मला बायकोची हाक ऐकू येत नाही, यावर घरात स्वतंत्र वाद चालू आहे.

काल चिलखत, ढाल असं सगळं मांडीवर घेऊन सात रस्ता चौकातून शेअर रिक्षात बसलो. शेजारी एक आजोबा. उभा जन्म गिरणीत गेला, हे त्यांनी टेकता टेकताच सांगितलं. मग हात पुढे आला आणि कापडाचा पोत बघावा तसा अंगठ्यानं चिलखताचा काठ चुरडायला लागला.

"लोखंड?"

"नाही, फोम."

"म्हंजे चपलीचं?"

काय सांगणार? चप्पलवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातूनच शीट आणली होती. "तळव्याला वापरतात तेच, पण…"

"आणि हे छातीवर घालणार?" आजोबांनी अख्ख्या रिक्षाकडे बघितलं. "पायातली वहाण पायातच बरी ओ!"

रिक्षा खदखदली. ड्रायव्हर तर आरशातून हसत होता, रस्ता सोडून.

"खर्च किती?"

"आठशे."

"तेवढ्यात चादर आली असती की! गुंडाळायची पोराला. आणि मावळ्याला कुठलं आलंय बे चिलखत? अंगरखा, मुंडासं, घोंगडी. झालं."

हे बरंचसं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"टिकतंय का बघू," म्हणत त्यांनी बरोबर छातीवर नख रुतवलं. चंद्रकोर उमटली. रंगाआधी असती तर हीटगननं फुगून वर आली असती. आता धग दिली की रंगच जाणार. तडे जाऊ नयेत म्हणून रंगाखाली फेविकॉलचे तीन हात दिले होते. आजोबांचा विचार कोण करतो?

उतरताना रिक्षावाल्यानं दोन सीटचे पैसे मागितले. ढालीनं जागा अडवली म्हणे. आजोबा मात्र एकाच सीटच्या पैशात, सगळा रस्ता माझ्या अर्ध्या मांडीवर बसून आले होते.