रिकाम्या पोटी नोनी

रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळी रांगेत बसलेला माणूस मुळात फारसा प्रेमळ नसतो. रात्रीपासून उपाशी, चहासुद्धा नाही, हातात टोकन. अशात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "शुगर का?"

मी मान हलवली.

"किती?"

परक्या माणसाला पगार आणि शुगर विचारू नये असं मला वाटतं, पण उपाशीपोटी भांडायला जोर नसतो. "बॉर्डरवर आहे," मी पुटपुटलो.

"बॉर्डरवर!" त्यांनी सगळ्या खोलीला ऐकवलं आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीतून काळपट बाटली काढली. "नोनी. ताहिती बेटावरचं फळ आहे साहेब. शुगर, गुडघे, थायरॉइड, कॅन्सर."

"कॅन्सर?"

"सगळं पेशींवर असतं. नोनी थेट पेशीत जाते."

"आणि आत जाऊन काय करते?"

"काम."

यावर काय बोलणार? मी विचारलं, "तुम्ही स्वतः घेता?"

"पाच वर्षं! एक दिवस खाडा नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"नोनीचा रिझल्ट बघायला. मागच्या वेळी दोनशे चाळीस आली."

"त्याआधी किती होती?"

"एकशे ऐंशी. पण नोनी आतलं सगळं बाहेर काढते ना! आधी वाढते, मग उतरते." एवढं बोलून त्यांनी झाकणात रस ओतला. "घ्या."

"अहो, माझं फास्टिंग आहे!"

"मग उत्तमच की. रिकाम्या पोटीच घ्यायची असते."

मी हात आडवा घातला, त्यांनी आग्रह केला, आणि झाकण माझ्या शर्टावर उपडं झालं.

या फळाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचं नाही. शेळीच्या दुधात असतात तीच कॅप्रोइक आणि कॅप्रिलिक आम्लं पिकलेल्या नोनीत असतात, पण शेळी निदान हिंडत्या हवेत असते. त्यातून हा रस काढायची जुनी रीत म्हणजे फळं बरणीत भरून महिना-दोन महिने मुरवायची आणि गळेल ते प्यायचं. आणि ताहितीचं कौतुक कसलं? हीच आपली बारतोंडी, आलीचं झाड. एके काळी हिच्या मुळांपासून लाल रंग काढत, लुगडी रंगवत. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत अलिझरिन हा लाल रंग तयार केला आणि पुढे तो सगळा धंदाच बसला. दारातल्या झाडाला तेव्हा कुणी विचारलं नाही. आता तेच बाटलीत बसून हजारबाराशेला परत आलंय.

माझा नंबर लागला. सुई घेऊन आलेली मुलगी दोन पावलं मागे सरली. "काका, रात्री पार्टी होती का?"

"नोनी आहे."

"कोण नोनी?"

मी शर्ट दाखवला. तिने हुंगला नाही. "काही पोटात गेलं असेल तर आज फास्टिंग होणार नाही. उद्या या."

"पोटात नाही गेलं, पोटावर गेलंय!" लोक हसले. ते गृहस्थही हसले. टोकन मात्र रद्द झालं.

इथवर मी सोसलं. पण दारात वळून पाहतो तो त्यांनी माझ्या रिकाम्या खुर्चीवर एका आजींना बसवलं होतं. आजींच्या मांडीवर किडनीच्या डॉक्टरांची फाइल. "क्रिएटिनिन झपाट्याने खाली येतं," हे सांगत होते.

आता मला खरोखर राग आला. नोनीच्या रसात संत्र्याच्या रसाइतकं पोटॅशियम असतं, आणि अधू किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. किडनीच्या रुग्णाने हा रस घेतला आणि रक्तातलं पोटॅशियम चढलं, अशी नोंद २००० साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. युरोपने २००३ मध्ये परवानगी दिली ती फळांच्या पेयांत घालायला, औषध म्हणून नव्हे. सिगारेट ओढणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल उतरल्याचे प्रयोग आहेत, पण ते हा रस विकणाऱ्यांच्याच शास्त्रज्ञांचे. मधुमेह, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा वेटिंग रूममध्ये येऊन बसत नाही. तिथे मीच होतो, ओल्या शर्टात.

"आजी, डॉक्टरांनी नारळपाणी बंद केलंय ना?"

"हो रे बाबा."

"मग हेही घेऊ नका. यातही पोटॅशियम असतं."

गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "आपण डॉक्टर?"

"नाही."

"मग?"

हे मलाच विचारत होते! तेही पिशवीवाले! पण सगळी खोली माझ्याकडेच पाहायला लागली. आजींनी नाकाला पदर लावला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "सकाळी सकाळी पिऊन आलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं."

मग पिशवीतून पाकीट काढून त्यांनी बाटल्या घेतल्या. दोन. दुसरीवर डिस्काउंट होता.