डॅश आहारासाठी भाकरी सोडावी लागत नाही

‘रक्तदाबासाठीचा डॅश आहार म्हणजे ओट्स, ऑलिव्ह ऑइल आणि सॅलड, भाकरी-आमटी खाणाऱ्यांना तो जमायचा नाही,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तो चुकीचा आहे.

डॅश (DASH) हे ‘उच्च रक्तदाब रोखण्यासाठीचा आहार’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. हा आहार अमेरिकेत तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ठरावीक पदार्थांची सक्ती नाही. भाज्या, फळे, अख्खी धान्ये, कडधान्ये, कमी स्निग्धांशाचे दूध-दही जास्त. गोड आणि चरबीचे मांस कमी, एवढेच. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, मेथी यात सहज बसतात. मासे खाणाऱ्या घरात बांगडाही चालतो, फक्त तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात.

आपली खरी अडचण मिठाची आहे, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही! दिवसभरात सोडियम २३०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे सगळे धरून जेमतेम एक छोटा चमचा मीठ. लोणचे, पापड, फरसाण, खारवलेले सुके मासे, ताकात घातलेली चिमूट, हे सगळे त्यातच आले. ‘सैंधव कितीही चालते’ हेही खरे नाही. तेसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच. भाजीत मीठ कमी करून लिंबू, कोकम, जिरे, लसूण वाढवले, की जेवण आपलेच राहते. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, ताक, फळे घ्यावीत.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरू करू नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. रक्तदाबाच्या गोळ्याही कुणी परस्पर बंद करू नयेत.