वाहिनीला गाव असतं

२२ सप्टेंबर २०२५ ला ब्रिटनच्या आयटीव्ही या खाजगी वाहिनीला सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्ताने जुन्या मालिकांच्या, जुन्या चेहऱ्यांच्या आठवणी निघाल्या. मला आठवली ती २८ ऑक्टोबर २००२ ची संध्याकाळ. सोमवार होता. आमच्या लीड्सच्या घराशेजारी एक बाई राहायच्या, तेव्हा सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर शिवणकारखान्यात काम केलेलं, नवरा गेलेला. संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे घ्यायचा हा माझा नेम. त्या दिवशी दोन कार्यक्रमांच्या मधे पडद्यावर आमच्या भागाच्या वाहिनीची नेहमीची खूण आलीच नाही. नुसतं 'आयटीव्ही वन' आलं आणि लंडनहून एक आवाज बोलला. बाई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपली माणसं गेली वाटतं."

मी १९९६ मध्ये लग्न करून कराडहून इथे आले. या बाईंच्या तोंडून मी 'आयटीव्ही' हा शब्द कधी ऐकला नाही. त्या म्हणायच्या, "यॉर्कशायर लाव." मला पहिल्यांदा वाटलं, हे कार्यक्रमाचं नाव असेल. नंतर कळलं, वाहिनीच यॉर्कशायरची, म्हणजे लीड्सच्या आसपासच्या मुलखाची आहे. यॉर्कशायर टेलिव्हिजन, प्रक्षेपणाची सुरुवात १९६८, स्टुडिओ लीड्समध्येच कर्कस्टॉल रोडवर, आमच्यापासून बसने पंधरा मिनिटांवर. पिवळ्या रंगाची, बाणाच्या टोकासारखी खूण. पूर्वी त्या खुणेबरोबर जी धून वाजायची, ती इथल्या 'इल्कली मूर' या लोकगीताची होती. बाई स्वयंपाकघरात ती गुणगुणायच्या. दोन-तीन सेकंदांची ती धून ऐकली की इथल्या माणसाला कळायचं, हे आपल्या घरचं आहे.

एसटीच्या गाडीवर आगाराचं नाव लिहिलेलं असतं ना, तसं हे होतं. मुंबई सेंट्रलला शंभर लाल गाड्या उभ्या असल्या तरी 'कराड आगार' वाचलं की पाय आपोआप तिकडे वळतात. गाडी तीच, महामंडळ तेच, पण त्या दोन शब्दांत आपला माणूस बसलेला असतो.

ही व्यवस्था कशी होती ते थोडं सांगते, कारण आपल्याकडे 'ब्रिटिश टीव्ही' म्हटलं की फक्त बीबीसी डोळ्यांपुढे येते. १९५५ मध्ये खाजगी टीव्ही सुरू करताना सरकारने तो एका कंपनीच्या हाती दिला नाही. देशाचे प्रदेश पाडले आणि प्रत्येक प्रदेशासाठी वेगळ्या कंपनीला परवाना दिला. लंडनचा सोमवार ते शुक्रवार एका कंपनीकडे आणि शनिवार-रविवार दुसरीकडे, इतकी ती वाटणी बारीक होती. मँचेस्टरला १९५६ मध्ये ग्रॅनडा आली. मालक सिडनी बर्नस्टीन लंडनकडचे, कंपनीचं नाव स्पेनमधल्या शहराचं, तरी पडद्यावर त्यांनी अभिमानाने 'उत्तरेकडून' असं लिहिलं. लोकांनी तो सगळा मुलूखच 'ग्रॅनडालँड' करून टाकला. १९६० पासून आजतागायत चालू असलेली 'कोरोनेशन स्ट्रीट' त्याच मातीतली. सुरुवातीला ग्रॅनडाकडे पेनाइन डोंगरांच्या दोन्ही बाजू होत्या, म्हणजे देश आणि कोकण एकाच कंपनीला दिल्यासारखं. १९६८ मध्ये डोंगराच्या पूर्वेकडच्यांना त्यांची स्वतःची वाहिनी मिळाली.

प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. पूर्वेकडच्या अँग्लियाचा घोड्यावरचा चांदीचा सरदार सावकाश फिरायचा आणि मागे हँडेलचं संगीत वाजायचं. प्लिमथच्या वेस्टवर्डचं शिडाचं जहाज होतं, कारण ते बंदर दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकचं. लंडनच्या थेम्सची खूण म्हणजे शहरातल्या इमारती आणि त्यांचं नदीच्या पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. आणि कार्यक्रम देशभर दाखवला तरी त्याच्या आधी बनवणाऱ्या कंपनीची खूण यायची. त्यामुळे अ‍ॅबर्डीनच्या माणसालाही कळायचं, हे लंडनहून आलं, हे मँचेस्टरहून, हे नॉर्विचहून. कोणत्या गावात काय पिकतं हे जसं मंडईत कळतं, तसं.

सीमा सगळ्या नैसर्गिक होत्या असं मी म्हणणार नाही. कुठल्या टेकडीवर मनोरा उभा आहे, त्यावर प्रदेश ठरायचा. लिंकनशायरमधला बेलमाँटचा मनोरा १९७४ मध्ये अँग्लियाकडून यॉर्कशायरकडे दिला आणि तिथली माणसं घरबसल्या एका वाहिनीतून दुसरीत गेली. पण माणूस रुळतो. वीस वर्षं आपल्याच रस्त्यावरच्या अपघाताची, आपल्याच गिरणीच्या टाळेबंदीची बातमी देणारी वाहिनी आपली होतेच.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. मी आले त्याच वर्षी, सप्टेंबर १९९६ मध्ये, आमच्या उत्तरेला न्यूकॅसलकडे एक प्रकार घडला. तिथल्या वाहिनीचं नाव टाइन टीज. टाइन आणि टीज या दोन नद्या. १९५९ पासून वाहिनीचं नाव त्यांच्यावर. ते काढून 'चॅनल थ्री नॉर्थ ईस्ट' असं नाव दिलं. तिसरी वाहिनी, ईशान्य. म्हणजे एक आकडा आणि एक दिशा. मी कराडची. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेल्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल ते कराडकरांना सांगायला नको. टाइन आणि टीज एकमेकींना भेटतही नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणी समुद्राला मिळतात, पण त्या दोघींच्या मधला मुलूख म्हणजे तिथल्या लोकांचं घर. लोकांनी ते नवं नाव तोंडात घेतलंच नाही. १९९८ मध्ये कंपनीला जुनं नाव परत आणावं लागलं.

असं का झालं याचं मूळ १९९० च्या प्रसारण कायद्यात आहे. त्या कायद्याने परवाने लिलावात काढले. १९९१ मध्ये बंद पाकिटात बोली लागल्या. दर्जाची एक चाळणी होती, पण ती पार केली की जास्त पैसे देईल त्याचा परवाना. मिडलंड्समधल्या सेंट्रलसमोर कुणी उभंच राहिलं नाही, म्हणून त्यांना तो वर्षाला २,००० पौंडांत मिळाला. यॉर्कशायरने घाबरून ३ कोटी ७७ लाख पौंडांची बोली लावली. तेवीस वर्षं लंडनला कार्यक्रम देणारी थेम्स ३ कोटी २५ लाखांवर थांबली आणि कार्लटनने ४ कोटी ३२ लाख देऊन परवाना नेला. ३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री थेम्स लंडनच्या पडद्यावरून गेली. यॉर्कशायरला एवढा बोजा एकटीने झेपेना. १९९२ मध्ये टाइन टीज तिच्यात विलीन झाली, १९९७ मध्ये ग्रॅनडाने दोघींना घेतलं, आणि २००४ मध्ये ग्रॅनडा व कार्लटन एकत्र येऊन आयटीव्ही पीएलसी झाली. इंग्लंड-वेल्समधल्या ज्या वाहिन्या एकमेकींना शह देत होत्या त्या सगळ्या एका लंडनच्या कार्यालयाच्या फाइली झाल्या. अशा मालकाला दहा नावं सांभाळण्याची गरज काय?

माझा मुलगा इथेच जन्मला, मार्केटिंगमध्ये काम करतो. तो म्हणतो, "आई, स्कायकडे शेकडो वाहिन्या होत्या. जाहिरातदाराला एकच नाव विकायचं होतं. त्या खुणा चालू ठेवल्या असत्या तर कंपनीच बुडाली असती." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. २००२ मध्येच कार्लटन आणि ग्रॅनडाची डिजिटल सेवा कोसळली होती, जाहिरातींचं उत्पन्न घटलं होतं, आणि देशातले बहुतेक लोक 'आयटीव्ही'च म्हणत होते. हे सगळं मान्य करूनही मी म्हणते की त्या सोमवारी चूक झाली. कारण नाव गेलं आणि गोष्ट तिथे थांबली नाही.

क्रम बघा. इंग्लंडमध्ये २००२ पासून प्रादेशिक नाव फक्त प्रादेशिक कार्यक्रमाच्या आधी दिसू लागलं. मग ते कार्यक्रमच कमी होत गेले. २००९ मध्ये कार्लाइलच्या बॉर्डर या वाहिनीचं आणि न्यूकॅसलशेजारच्या गेट्सहेडहून चालणाऱ्या टाइन टीजचं संध्याकाळचं बातमीपत्र एकत्र केलं. कार्लाइलचा स्टुडिओ बंद झाला. लोकांची ओरड झाल्यावर काही वर्षांनी बॉर्डरला वेगळं बातमीपत्र परत मिळालं, पण ते गेट्सहेडहूनच येतं. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या ग्रँपियन वाहिनीचं नाव २००६ मध्ये एसटीव्ही झालं, आणि २०२५ मध्ये अ‍ॅबर्डीनचं वेगळं बातमीपत्र बंद करून ग्लासगोहून एकच करायचा प्रस्ताव आला. आधी पाटी उतरते, मग टपाल यायचं बंद होतं. ज्या वाहिनीवर 'ग्रँपियन' लिहिलेलं आहे तिला ग्रँपियनची बातमी न देण्याची लाज वाटते. तीन इंग्रजी अक्षरांना ती लाज वाटायचं कारण उरत नाही.

खुणेत एवढं काय असतं असं वाटत असेल तर बीबीसी टूचं उदाहरण घ्या. १९९१ च्या आधी लोकांना ही वाहिनी रुक्ष आणि पुस्तकी वाटायची. मार्टिन लॅम्बी-नेर्न या माणसाने तिच्यासाठी नुसता '२' हा आकडा घेतला आणि त्याला जीव दिला. कधी त्यावर रंग फेकला, कधी तो पत्र्यातून कापला, कधी रेशमाखाली झाकला. कार्यक्रम तेच राहिले, तरी लोक वाहिनीबद्दल वेगळं बोलू लागले. चॅनल फोरचे रंगीत ठोकळेही त्याच माणसाचे. २ नोव्हेंबर १९८२ ला ते वेगवेगळ्या दिशांनी उडत येऊन ४ झाले. ही वाहिनी तेव्हा स्वतः कार्यक्रम बनवत नव्हती, बाहेरच्या छोट्या-मोठ्या निर्मात्यांकडून घ्यायची. तिचं सगळं धोरण त्या चार-पाच सेकंदांत होतं. त्याच चॅनल फोरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांना आपली कबड्डी दाखवली. माझा नवरा तेव्हा इथे शिकत होता. हॉस्टेलमधल्या गोऱ्या पोरांना चढाई म्हणजे काय ते समजावल्याचं तो अजून सांगतो.

आणि वेल्स. हे प्रत्येक मराठी माणसाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने वेल्श भाषेच्या वाहिनीचं आश्वासन दिलं आणि सत्तेवर आल्यावर शब्द फिरवला. अनेक वेल्श लोकांनी टीव्हीची लायसन्स फी भरायचं नाकारलं, काही जण तुरुंगात गेले. १९८० मध्ये ग्विनफर इव्हान्स या वयाच्या सदुसष्टीतल्या पुढाऱ्याने जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून मी प्राणांतिक उपोषणाला बसतो. सप्टेंबरमध्येच मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माघार घेतली. थॅचरबाई माघार घेत नाहीत अशी ख्याती होती, हे लक्षात घ्या. १ नोव्हेंबर १९८२ ला, चॅनल फोरच्या एक दिवस आधी, वेल्श वाहिनी सुरू झाली. नाव 'एस फोर सी', त्यातला सी म्हणजे कम्री, वेल्श भाषेत वेल्स. एका अक्षरात देशाचं नाव आहे आणि त्या अक्षरासाठी एक माणूस मरायला तयार होता. तिथे कुणी 'चॅनल फोर वेस्ट' करायची हिंमत करणार नाही.

बाकीचे बदल माझ्या मनाला फारसे लागत नाहीत. १९९७ मध्ये आलेली चॅनल फाइव्ह मधे फाइव्ह झाली, परत चॅनल फाइव्ह झाली आणि मार्च २०२५ पासून नुसती ५ आहे. २०१३ मध्ये आयटीव्ही वनचं आयटीव्ही झालं, २०२२ मध्ये परत आयटीव्ही वन. या नावांना मुळातच गाव नव्हतं, तेव्हा हरवायलाही काही नव्हतं.

आमच्या त्या शेजारीणबाई २००९ मध्ये गेल्या. शेवटपर्यंत त्या "यॉर्कशायर लाव" असंच म्हणत होत्या आणि मीही तेच म्हणायला शिकले. संध्याकाळी सहाला तीन नंबरवर आमच्या भागाचं बातमीपत्र अजून लागतं. त्याचं नाव 'कॅलेंडर', १९६८ पासून तेच आहे. आमच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून, हवा स्वच्छ असली की, एमली मूरचा मनोरा दिसतो. तीनशे मीटरहून उंच, काँक्रीटचा. त्याच्या आधीचा लोखंडी मनोरा मार्च १९६९ मध्ये बर्फाच्या ओझ्याने आणि वाऱ्याने कोसळला होता, तेव्हा यॉर्कशायर टेलिव्हिजन जेमतेम आठ महिन्यांचं होतं. बाई ती गोष्ट सांगायच्या, घरातली एखादी पडझड सांगावी तशी. अंधार पडला की मनोऱ्यावरचे लाल दिवे लागतात. मी पडदा ओढून घेत नाही.