उसने बूट आणि चिली चीज टोस्ट

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका क्लबात जेवायला गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही. ज्याने बोलावलं तो मित्र तिथला मेंबर आहे आणि त्याला पुढेही मेंबर राहायचंय. दारावरच्या माणसाने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. पायात कोल्हापुरी, नवी कोरी, करकर वाजणारी. "सर, चप्पल अलाऊड नाही." मी परत फिरणार, इतक्यात आतून एक काळ्या बुटांचा जोड आला. माझ्यासारख्यांसाठी ठेवलेलाच असतो म्हणे. नऊ नंबरचा. माझा पाय सातचा. सबंध जेवण मी कुणाच्या तरी बुटात पाय घासत उरकलं.

तसा मी एकटा नाही. १९८८ मध्ये विलिंग्डन क्लबाने एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून बाहेर काढलं होतं. २०१४ मध्ये चेन्नईत तर हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून एका क्लबात प्रवेश मिळाला नाही. जयललितांनी त्यावर थेट कायदा करून टाकला. आपल्या कोल्हापुरीसाठी विधानसभेत कोण उभं राहणार, हा प्रश्नच आहे.

विलिंग्डनची गंमत अशी की तो क्लब निघालाच मुळी 'आत घेत नाहीत' या तक्रारीतून. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड विलिंग्डन. त्यांनी एका संस्थानिकाला यॉट क्लबात जेवायला नेलं, दारात अडवलं गेलं, साहेब चिडले आणि गोरे-काळे दोघांना चालेल असा क्लब काढला, अशी गोष्ट सांगतात. कोलकात्याला विचाराल तर हीच गोष्ट नावं बदलून ऐकवतील: १९०७, लॉर्ड मिंटो, पाहुणे राजेंद्रनाथ मुखर्जी, अडवणारा बेंगॉल क्लब आणि त्यातून निघालेला कलकत्ता क्लब. दोन शहरं, दोन लाटसाहेब, आणि अपमान मात्र एकाच मापाचा शिवलेला. मला त्यात मीठमसाल्याचा वास येतो. पण आत कोण आलं ते उघड आहे. राजेरजवाडे, गिरणीमालक, बॅरिस्टर. कुंपण चार पावलं मागे सरकलं, एवढंच.

त्याआधीचं बॉम्बे जिमखान्याचं बघा. १८७५ सालचा, आझाद मैदानाच्या टोकाला. एतद्देशीयांना सभासदत्व नाही. त्यावर कडी म्हणजे मैदानावर हे लोक पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जायची आणि तिथेच क्रिकेट खेळणाऱ्या पारशी, हिंदू पोरांची पंचाईत व्हायची. १८८१ मध्ये शेकडो क्रिकेटवाल्यांनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. ते भांडण बरीच वर्षं चाललं. पुढे समुद्राकाठी पारशी, इस्लाम, हिंदू असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले. म्हणजे एका दाराबाहेर उभे असलेले लोक आपापली दारं लावून मोकळे झाले. आणि गंमत म्हणजे भारतातली पहिली कसोटी १९३३ च्या डिसेंबरात झाली ती याच बॉम्बे जिमखान्यावर. लाला अमरनाथ यांनी पदार्पणात ११८ काढल्या, भारताचं पहिलं कसोटी शतक.

मला मात्र या सगळ्यात राहून राहून आठवतात ते पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला मुलगा. पुण्यात आधी पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर झाडलोट, रोलिंग. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथे नेटमध्ये साहेब लोकांना बोलिंग टाकायची. ग्रेग नावाचा साहेब आउट झाला की आठ आणे देई, असं सांगतात. डावखुरी फिरकी अशी की साहेब तासन् तास तीच खेळत बसायचे. पण बॅट? इतक्या वर्षांत एकदाही कुणी बाळूंच्या हातात दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीत, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी लोळवलं, त्यात बाळूंच्या आठ विकेट. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. साहेबाच्या नावाने बोटं मोडताना आपण हे पॅव्हेलियन सोयीस्कर विसरतो.

माझा मामा एका क्लबात चौतीस वर्षं टेनिसचा मार्कर होता. मार्कर म्हणजे, मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं आणि हरायचं. मामाचा नियम होता, सहा-चारने हरायचं. सहा-शून्यने हरलं तर साहेबाला कळतं. पेन्शन नाही, हाताची ढोपरं कामातून गेलेली. पण क्लबाबद्दल वाकडा शब्द काढू देत नाही.

खासगी लोकांनी कुणाबरोबर बसावं हा त्यांचा प्रश्न, हे मला मान्य आहे. आपल्या घरात कोण बसतं हे आपणही ठरवतोच. पण यांतल्या बऱ्याच क्लबांची 'घरं' सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्याने आहेत. महालक्ष्मीचं रेसकोर्स २११ एकर. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि त्यातली १२० एकर बागेसाठी पालिकेला द्यायचं ठरायला २०२४ उजाडलं. दिल्ली जिमखान्यात तर अर्ज टाकून माणसं म्हातारी झाली. शेवटी सरकारनेच त्याला कंपनी न्यायाधिकरणात खेचलं आणि २०२२ मध्ये कारभारावर आपली माणसं बसवायची परवानगी मिळवली. आता तिथे सामान्यांची सोय होईल असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल अर्ज भरावा.

खरं सांगायचं तर त्या दुपारी मित्र म्हणाला, "तूही मेंबर हो. प्रपोझर मी, सेकंडर शोधू," तेव्हा मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. हिरवळ, शांतता, खिशात हात न घालता नुसती सही करून बिल. फी ऐकली आणि गुदगुल्या थांबल्या.

घरी आल्यावर मामाला फोन केला. तो काम करायचा तो क्लब वेगळा, पण त्याला सगळं ऐकायचं होतं. कोर्ट क्ले आहे की सिमेंट, मार्करचा युनिफॉर्म कसला. मग विचारलं, "चिली चीज टोस्ट खाल्लास का?"

खाल्ला म्हटलं. पण गार होता रे, वातड.

"गार?" मामा खरंच चिडला. "आम्हाला मागच्या दाराने मिळायचा तो कागदात. चटका बसायचा हाताला."