नंबर संपले, 022 जाणार, दुसऱ्या सिमला पैसे: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: मोबाइल नंबर संपलेत म्हणून ते अकरा आकडी होणार, दुसरं सिम ठेवलं तर पैसे भरावे लागणार, मुंबई-ठाण्याचा 022 हा कोड जाऊन लँडलाइनचे नंबर बदलणार. शेवटची ओळ अशी की हे सगळं फोन कंपन्याच ठरवतात, तेव्हा नंबरांच्या कारभारावर सल्लागार समिती मागून काही उपयोग नाही. पहिली तीन विधानं चुकीची आहेत आणि ती लवकर निकालात काढता येतात. चौथं मात्र नुकसान करणारं आहे, कारण ते वाचून लोक मागणीच सोडून देतात.

"मोबाइल नंबर अकरा आकडी होणार."

ही बातमी पसरली 2020 मध्ये. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 29 मे 2020 रोजी नंबरांच्या उपलब्धतेबद्दल शिफारसी दिल्या आणि दोनच दिवसांत तिला खुलासा करावा लागला की नंबर दहा आकडीच राहावेत असं तिचं म्हणणं आहे. शिफारस होती ती लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवण्याची. ती 15 जानेवारी 2021 पासून लागूही झाली.

शून्याने काय साधलं ते ठाण्यातल्या लँडलाइनवरून पाहू. एक्स्चेंज नंबर वाचतं ते डावीकडून, एकेक आकडा घेत. मुंबई-ठाण्यात 6 ने सुरू होणाऱ्या आठ आकडी लँडलाइन आहेत आणि 6 ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइलही आहेत. पहिले आकडे सारखेच असले तर आठ आकड्यांवर जोडायचं की आणखी दोन येतात का ते पाहायचं, हे एक्स्चेंजला कळणार कसं? म्हणून अशा मालिका मोबाइलला देता येत नव्हत्या. पुढे शून्य आलं आणि संदिग्धता मिटली. ट्रायच्या हिशेबाने त्यातून 254.4 कोटी जादा नंबर मोकळे होणार होते. मार्च 2024 अखेर देशात सगळे मिळून सुमारे 120 कोटी फोन ग्राहक होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की "नंबर संपले" या वाक्यात काही उरत नाही.

तेरा आकडी नंबर खरोखर आहेत, पण ते यंत्रांच्या आपसातल्या संवादासाठी, म्हणजे मीटर, गाड्यांमधली ट्रॅकिंग उपकरणं यांच्यासाठी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे देशाच्या कोडासह नंबर जास्तीत जास्त पंधरा आकडी असू शकतो. 91 चे दोन वजा केले की तेराच उरतात. माणसांच्या मोबाइलचा यात काही संबंध नाही.

"दुसऱ्या सिमला पैसे पडणार."

6 जून 2024 च्या सल्लामसलत पत्रात ट्रायने विचारलं होतं की कंपन्यांना दिलेल्या नंबरांवर शुल्क असावं का. बातमीत कंपन्यांच्या जागी ग्राहक आले. 14 जूनला ट्रायने ते खोटं असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2025 च्या शिफारसींत शुल्क नकोच असं म्हटलं. एका व्यक्तीच्या नावावर महाराष्ट्रात नऊपर्यंत सिम चालतात. आपल्या नावावर किती आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवावा, हा मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

"022 जाणार, लँडलाइनचे नंबर बदलणार."

नंबर बदलणार नाही. बदलेल ती फिरवण्याची पद्धत, आणि तीही दूरसंचार विभागाने आदेश काढला तरच, कारण ट्राय शिफारस करते, नंबरांचा कारभार विभागाकडे असतो.

आपल्याकडे शून्य सोडून एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर यांचे मिळून नेहमी दहा आकडे होतात. ठाणे-वाशीला 22 हा कोड आणि आठ आकडी नंबर, डोंबिवलीला 251 आणि सात आकडी. फेब्रुवारी 2025 ची शिफारस अशी की लँडलाइनवरून लँडलाइनला, अगदी ठाण्यातल्या नौपाड्यातून वाशीलाही, शून्य, कोड आणि नंबर असं पूर्ण फिरवावं. मोबाइलवरून काहीच बदल नाही. फायदा असा की नंबरांचं वाटप छोट्या कोड-क्षेत्रांपुरतं न राहता पूर्ण परवाना क्षेत्रासाठी, म्हणजे कंपनीला ज्या मोठ्या भागात सेवेचा परवाना मिळतो त्यासाठी, एकत्र करता येतं. मुंबई परवाना क्षेत्रात कल्याण आधीपासूनच आहे, कोड वेगळा असला तरी.

मेसेजने घाबरवलं भलत्याच गोष्टीवर, खरी अडचण त्यात आलीच नाही. वागळे इस्टेट, महापे, तुर्भे इथल्या कंपन्यांत आणि बऱ्याच सोसायट्यांत ईपीएबीएक्स आहे, म्हणजे आतल्या फोनांना (एक्स्टेंशन) बाहेरच्या लाइनशी जोडणारं यंत्र. खर्च आवरायला त्यात एसटीडी लॉक घातलेला असतो, म्हणजे एक्स्टेंशनवरून शून्याने सुरू होणारा नंबर अडतो. 2021 मध्ये मोबाइलपुढे शून्य आलं तेव्हा अशी एक्स्टेंशन मोबाइल लावेनाशी झाली. उपाय म्हणून काही ठिकाणी 06, 07, 08, 09 मोकळे केले गेले. त्याने 079 आणि 080, म्हणजे अहमदाबाद आणि बंगळुरूही मोकळे झाले. उद्या स्थानिक लँडलाइनला शून्य लागलं तर ज्या एक्स्टेंशनवर सगळं शून्य बंद आहे तिथून समोरच्या गल्लीतला दवाखानाही लागणार नाही. करायचं ते असं: परवानगीच्या तक्त्यात 022 वेगळं घालायचं आणि ते "0 बंद" या नियमाच्या वर ठेवायचं, कारण बऱ्याच यंत्रांत वरचा नियम आधी लागतो. बाहेरची लाइन घ्यायलाच शून्य दाबावं लागत असेल तर फिरवताना दोन शून्यं येतील, हेही लोकांना सांगून ठेवावं. आणि लिफ्टमधला आपत्कालीन फोन, अलार्म पॅनेलचा ऑटो-डायलर, फॅक्सची स्पीड-डायल यांत आठ आकडी नंबर भरलेले असतात. ते हाताने बदलावे लागतात. लिफ्टचा फोन लागत नाही हे कळतं ते कुणीतरी आत अडकल्यावरच.

"समितीचा उपयोग नाही."

वरचा ईपीएबीएक्सचा मुद्दा कोणत्या टेबलावर मांडायचा? ट्राय सल्लामसलत करते, हे मान्य. पत्र काढते, लेखी मतं घेते, त्यावर प्रतिमतं मागवते, खुली चर्चा घेते. पण शिफारस गेली की ती फेरी संपते. अंमलबजावणीत काय बिघडलं हे महिना-दोन महिन्यांनी विचारायला ग्राहक, उपकरणं बसवणारे, बँका आणि कंपन्या एकत्र बसतील अशी कायमची जागा हवी.

हे जगात नवीन नाही. अमेरिकेत नंबरवाटप 1984 पासून बेलकोर या कंपनीकडे होतं. ती स्थानिक टेलिफोन कंपन्यांच्याच मालकीची. स्पर्धक वाढले तसा प्रश्न आला की एका गटाच्या संस्थेने सगळ्यांना नंबर का वाटावेत. 1995 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने नॉर्थ अमेरिकन नंबरिंग कौन्सिल ही सल्लागार समिती स्थापण्याचा निर्णय घेतला. तीत कंपन्या होत्या, राज्यांचे नियामक होते, ग्राहकांचे प्रतिनिधीही होते. तिच्या शिफारशीनंतर 1997 मध्ये वाटपाचं काम बेलकोरकडून काढून वेगळ्या संस्थेला दिलं गेलं. तिथे कंपनीला प्रत्येक भागात 10,000 नंबरांचा ब्लॉक मिळायचा. शंभर ग्राहक असले तरी 9,900 अडकून पडायचे आणि एरिया कोड भराभर संपायचे. 1,000 च्या ब्लॉकने वाटप करण्याचा विषय समितीत तपासला गेला आणि 2000 मध्ये आयोगाने तसा नियम काढला.

समितीचा सल्ला बंधनकारक नसतो, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच रचना नीट हवी. शिफारस जाहीर व्हावी आणि विभागाने ती नाकारली तर ठरलेल्या मुदतीत लेखी कारण द्यावं. कंपन्यांच्या जागा निम्म्याहून कमी असाव्यात. ट्रायकडे नोंदणी झालेले ग्राहक गट, नंबर पोर्ट करणाऱ्या (तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याचं काम पाहणाऱ्या) दोन्ही संस्था, बँका, 112 ही आपत्कालीन सेवा चालवणारे आणि ईपीएबीएक्स बसवणाऱ्यांचा एखादा प्रतिनिधी तीत असलाच पाहिजे.

बँका का, ते एका बंद नंबरावरून कळतं. कायमचा बंद केलेला नंबर किमान 90 दिवस कुणाला देत नाहीत, नंतर तो नव्या ग्राहकाकडे जातो. जुन्या माणसाने बँकेत नंबर बदलला नसेल तर त्याचे ओटीपी नव्या माणसाकडे पोचतात. बंद नंबरांची यादी तपासून बँकांनी आपल्या नोंदी सुधाराव्यात असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. 90 दिवस पुरतात का, हे नंबर देणारा एकटा ठरवू शकत नाही आणि बँकही एकटी ठरवू शकत नाही.

भारताची सध्याची नंबर योजना 2003 ची. ती 2030 पर्यंत पुरावी म्हणून 75 कोटी जोडण्यांसाठी आखली होती: 45 कोटी मोबाइल, 30 कोटी लँडलाइन. मोबाइल त्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेले, लँडलाइन मागेच राहिली. असा अंदाज दरवर्षी तपासणारी समिती असती तर चूक लवकर ध्यानात आली असती. नवी समिती झाली तर पहिल्या बैठकीत तिने मुंबई परवाना क्षेत्राचा एक तक्ता मागावा: प्रत्येक कंपनीला दिलेले नंबर, प्रत्यक्ष चालू असलेले, पोर्ट होऊन बाहेर गेलेले, बंद होऊन थांबवून ठेवलेले आणि एकदाही न वापरलेले. दर तीन महिन्यांनी, सगळ्यांना वाचता येईल असा.